लिंबूवर्गीय सुगंधी तेलांनी मालिश : बेळगाव परिसरातील नवशिक्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मालिश म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तालमीत पैलवान एकमेकांचे अंग रगडतात, बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत, आणि नरक चतुर्दशीला पहाटे तेल-उटणे लावल्याशिवाय घरातले कोणी आंघोळीला बसत नाही. त्या उटण्यातही वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड असते. त्यामुळे अंगाला लावायचे तेल आणि लिंबा-संत्र्याचा वास ही जोडी आपल्याला नवी नाही. नवी आहे ती दहा-पंधरा मिलिलिटरची गडद काचेची बाटली, जिच्यातल्या चार-सहा थेंबांत फळांच्या सालीतला वास दाटून सामावलेला असतो आणि म्हणूनच जी नेहमीच्या तेलासारखी हातावर ओतून चालत नाही. घरच्या माणसांना मालिश करून देण्यासाठी किंवा पुढे रीतसर शिकण्याच्या विचाराने ही बाटली पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

आधी अपेक्षा ठरवून घ्याव्यात. फ्रेंच रसायनतज्ज्ञ रेने-मोरिस गात्फोसे यांनी १९३७ च्या सुमारास ‘अरोमाथेरपी’ हा शब्द रूढ केला, आणि तेव्हापासून या शब्दाच्या आडून पुष्कळ काही खपवले गेले आहे. मालिशने कंबरदुखीला काही काळ आराम पडतो, आखडलेले स्नायू सैल होतात, झोप बरी लागते. आवडत्या वासाने मन थोडे निवांत होते. एवढे मनापासून सांगता येईल. संत्र्याच्या तेलाने चरबी वितळते, शरीरातली विषद्रव्ये बाहेर पडतात किंवा सांधेदुखी मुळापासून जाते, असे कोणी सांगितले तर त्या माणसाकडून तेल विकत घेऊ नये. माझ्या मते मालिशच्या परिणामातला मोठा वाटा हातांचा आणि राखलेल्या वेळेचा असतो. वास त्याला साथ देतो. साथ देणाऱ्यापासून निदान त्रास तरी होऊ नये, यासाठी लिंबूवर्गीय तेलांचे दोन स्वभाव पक्के ठाऊक हवेत. ती हवा लागून लवकर बिघडतात, आणि त्यांतली काही अंगाला लागलेली असताना ऊन घेतले तर त्वचा भाजते.

बाटलीत नेमके काय असते

संत्र्याची ताजी साल दिव्याच्या ज्योतीजवळ धरून मुडपली की बारीक ठिणग्या उडतात, हा खेळ लहानपणी बहुतेकांनी खेळलेला असतो. ठिणग्या होऊन उडते तेच हे तेल. सालीच्या बाहेरच्या रंगीत थरात त्याच्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्या यंत्राने दाबून, उष्णता न देता तेल काढले जाते, म्हणून बाटलीवर ‘कोल्ड प्रेस्ड’ असे लिहिलेले असते. काही तेले, विशेषतः लिंबाची, वाफेवर ऊर्ध्वपातन करूनही काढतात. या दोन पद्धतींतला फरक केवळ किमतीचा नाही. उन्हाच्या प्रश्नात तोच निर्णायक ठरतो, ते पुढे येईलच.

या बहुतेक तेलांचा मुख्य घटक लिमोनिन हा आहे. गोड संत्र्याच्या तेलात तो ९० टक्क्यांहून अधिक असतो, लिंबाच्या तेलात त्याहून कमी, आणि बर्गामॉट या आंबट, संत्र्यासारख्या फळाच्या तेलात आणखी कमी असून त्याच्या जोडीला लॅव्हेंडरमध्येही आढळणारे काही घटक असतात, म्हणून त्याचा वास अधिक मऊ वाटतो. लिमोनिन हे चांगले द्रावक आहे. थर्माकोलच्या पत्रावळीवर संत्र्याच्या तेलाचा एक थेंब टाकून पाहावा. थोड्याच वेळात तिथे खड्डा पडतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की मिश्रण प्लास्टिकच्या डबीत का करू नये आणि शुद्ध तेल थेट कातडीवर का लावू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही. मिश्रणासाठी स्टीलची वाटी किंवा काचेचा पेला घ्यावा. ठिणग्यांची गोष्टही लक्षात असू द्यावी: हे तेल लवकर पेट घेते, म्हणून बाटली निरांजन, उदबत्ती आणि गॅसच्या शेगडीपासून दूर ठेवूनच उघडावी.

विकत घेताना

सुरुवातीला एकच तेल घ्यावे, आणि ते गोड संत्र्याचे असावे. ते स्वस्त असते, कारण रसाच्या कारखान्यांत उरलेल्या सालींपासून ते मोठ्या प्रमाणावर निघते. त्याचा वास बहुतेकांना आवडतो. आणि उन्हाच्या दृष्टीने ते या कुळातले सर्वांत निर्धोक तेलांपैकी एक आहे. मॅंडरिनचे, म्हणजे सैल सालीच्या छोट्या संत्र्याचे, तेलही साधारण याच गटात मोडते. लिंबू, ग्रेपफ्रूट आणि बर्गामॉट नंतर, हात बसल्यावर घ्यावेत.

लेबल नीट वाचावे. त्यावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, म्हणजे गोड संत्र्यासाठी ‘सिट्रस सायनेन्सिस’, तेल काढण्याची पद्धत, बॅच क्रमांक आणि मुदत हे चारही हवेत. नुसते ‘ऑरेंज ऑइल’ किंवा ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ असे लिहिलेली बाटली उदबत्ती आणि मेणबत्तीसाठी असते, अंगासाठी नव्हे. गणपत गल्ली-खडेबाजार भागात अत्तराच्या आणि पूजासाहित्याच्या दुकानांत मिळणारी ‘संत्रा अत्तरे’ही याच वर्गातली समजावीत. बर्गामॉट प्रामुख्याने इटलीच्या कालाब्रिया भागात पिकते आणि त्याचे अस्सल तेल महाग असते. संत्र्याच्याच भावात ते मिळत असेल तर त्यात दुसरे काहीतरी आहे असे धरून चालावे. स्वस्त गोडेतेल मिसळून वाढवलेले तेल ओळखायला पांढऱ्या टीपकागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवावा. शुद्ध तेलाचा फार तर फिकट पिवळसर खुणेइतका डाग उरतो. सकाळी उजेडासमोर धरल्यावर पारदर्शक, तेलकट वर्तुळ दिसले तर भेसळ आहे. बनावट रसायनांची भेसळ मात्र या चाचणीत सापडत नाही, म्हणून विश्वासाच्या दुकानाला पर्याय नाही.

घरी साली खोबरेल तेलात मुरवून ‘संत्र्याचे तेल’ करण्याचा एक प्रकार हल्ली बराच पाहायला मिळतो. वासाला ते छान लागते, पण ते इसेन्शियल ऑइल, म्हणजे इथे ज्याविषयी बोलतो आहोत ते शुद्ध सुगंधी तेल, नव्हे, आणि साली पूर्ण वाळलेल्या नसतील तर आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला आठवड्याभरात बुरशी धरते. इंडीचे नावाजलेले लिंबू शेजारच्या विजयपूर जिल्ह्यातलेच, त्यामुळे लिंबाच्या सालींची आपल्याकडे वाण नसते आणि त्या तेलात टाकण्याचा मोह होतो. पण ते तेल लावून उन्हात गेल्यास काय होऊ शकते ते पुढच्या भागात वाचून मगच ठरवावे.

वाहक तेल घ्यायला मात्र दूर जावे लागत नाही. ज्या साध्या तेलात सुगंधी तेलाचे थेंब मिसळायचे त्याला वाहक तेल म्हणतात, आणि त्यासाठी लाकडी घाण्यावरचे तिळाचे, बदामाचे किंवा खोबरेल तेल उत्तम. बेळगावात पौष-माघाच्या थंडीत खोबरेल तेल गोठते, म्हणून हिवाळ्यात तिळाचे तेल सोयीचे. तिळाचा स्वतःचा वास थोडा उग्र असतो, पण संत्र्याशी तो जुळतो. करडईचे तेल हलके असते आणि अंगात लवकर मुरते. शेंगतेलही चालते, फक्त समोरच्याला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हे आधी विचारावे. मोहरीचे तेल काहींच्या त्वचेला झोंबते, ते सुरुवातीला टाळलेले बरे.

बाटली घरी आली की तिच्यावर उघडल्याची तारीख लिहावी. हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन लिमोनिनपासून जी द्रव्ये तयार होतात ती त्वचेला ॲलर्जी आणणारी असतात; ताज्या तेलाने काहीच न होणाऱ्या माणसालाही जुन्या तेलाने पुरळ उठू शकते. म्हणून झाकण घट्ट लावून बाटली फ्रिजच्या दारात उभी ठेवावी आणि उघडल्यापासून सुमारे वर्षभरात संपवावी. अथणी, रायबाग भागात उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे सरकतो, तिथे तर फ्रिजला पर्यायच नाही. अर्धी रिकामी झालेली बाटली म्हणजे अर्धी हवेने भरलेली बाटली, तेव्हा उरलेले तेल लहान बाटलीत काढून ठेवणे चांगले. तोंडाशी चिकट राप जमला किंवा गोड वासाऐवजी टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागला की ते तेल अंगाला लावू नये. नव्या स्टीलच्या भांड्यांवरच्या स्टिकरचा डिंक काढायला मात्र ते फार कामाचे असते.

ऊन

या भागासाठी मी सर्वाधिक जागा ठेवली आहे, कारण आपल्याकडची बहुतेक माणसे मालिश झाल्यावर सावलीत बसून राहत नाहीत. दुचाकी काढतात, शेतावर जातात, बाजार करतात.

कोडावर बावचीचे तेल लावून कोवळ्या उन्हात बसण्याचा जुना उपाय पुष्कळांना ऐकून ठाऊक असतो. बावचीत सोरालेन नावाची द्रव्ये असतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्यांच्यावर पडले की त्वचेत तीव्र प्रतिक्रिया होते आणि रंग धरतो. वैद्य त्याच प्रतिक्रियेचा मोजून-मापून उपयोग करतात. याच कुळातली द्रव्ये काही लिंबूवर्गीय फळांच्या सालीत असतात आणि थंड दाबाने काढलेल्या तेलात ती उतरतात. असे तेल लावून उन्हात गेल्यास लगेच काही जाणवत नाही. साधारण दिवसभराने लाली येते, दोन-तीन दिवसांत ती वाढते, कधी पाण्याचे फोड येतात, आणि बरे झाल्यावर उरलेला काळसर डाग आठवडे किंवा महिने टिकतो. तो तेलाचा डाग आहे हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही, कारण मालिश आणि डाग यांत दोन-तीन दिवस गेलेले असतात.

सर्व तेले सारखी धोकादायक नसतात. सर्वांत जपायचे ते बर्गामॉटला: अंगावर राहणाऱ्या मिश्रणात त्याचे प्रमाण ०.४ टक्क्यांच्या पुढे नेऊ नये, म्हणजे ३० मिलिलिटर वाहक तेलात फार तर दोन थेंब, तीन नाहीत. थंड दाबाने काढलेल्या कागदी लिंबासाठी, ज्याला बाटलीवर ‘लाइम’ म्हणतात, ही मर्यादा ०.७ टक्के, मोठ्या पिवळ्या लिंबासाठी, म्हणजे ‘लेमन’साठी, २ टक्के, आणि ग्रेपफ्रूटसाठी ४ टक्के मानली जाते. दोन अशी तेले एकत्र केली तर दोन्हींचा परिणाम मिळून मोजावा. गोड संत्रे आणि मॅंडरिन यांना ही अडचण नाही, आणि वाफेवर काढलेल्या लिंबाच्या तेलालाही नाही, कारण ही जड द्रव्ये वाफेबरोबर वर येत नाहीत. बर्गामॉटही ‘एफसीएफ’ खुणेचे, म्हणजे ही द्रव्ये काढून टाकलेले मिळते. नवशिक्याने तेच घ्यावे.

मर्यादेपेक्षा जास्त तेल लागले असेल, किंवा मिश्रणात किती थेंब पडले याचीच शंका असेल, तर तेल लावलेला भाग किमान १२ तास उघड्या उन्हात नेऊ नये. यावरचा साधा तोडगा म्हणजे लिंबू-बर्गामॉटची मालिश संध्याकाळी करावी आणि दिवसाची मालिश संत्र्याने करावी. भांगलणी, ऊसतोडणी, गवंडीकाम अशी उन्हातली कामे करणाऱ्यांना तर संत्र्याशिवाय दुसरे लिंबूवर्गीय तेल लावूच नये, कारण सकाळी लवकर रानात जाणाऱ्याला बारा तास पाळणे जमत नाही. डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकासारखी, त्वचेला ऊन सोसेनासे करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आणि कोडावर उपचार घेणाऱ्यांनी या कुळातल्या तेलांच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

मिश्रण

मोठ्या निरोगी माणसाच्या पाठीसाठी १ टक्का मिश्रण पुरेसे आहे आणि पहिले काही महिने तरी त्यापुढे जाण्याचे कारण नाही. सुमारे २० थेंबांचा एक मिलिलिटर धरतात, म्हणून ३० मिलिलिटर वाहक तेलात सहा थेंब टाकले की १ टक्का होतो, बारा टाकले की २ टक्के. थेंबाचा आकार मात्र बाटलीच्या बुचाप्रमाणे बदलतो. औषधाच्या दुकानातून एक मिलिलिटरची बिनसुईची सिरिंज आणून आपल्या बाटलीचे किती थेंब एक मिलिलिटर होतात ते एकदा मोजून बाटलीवरच लिहून ठेवावे. सिरिंजचे रबर या तेलाने फुगते, तेव्हा तिच्यात तेल भरून ठेवू नये. पूर्ण पाठीला दहा-पंधरा मिलिलिटर तेल लागते, सर्वांगाला पंचवीस-तीस. लागेल तेवढेच मिश्रण त्या-त्या वेळी करावे. महिन्याभराचे एकदम करून ठेवण्यात काटकसर दिसते, पण बिघडते तेही एकदमच.

तेल कोमट करायचे असेल तर वाहक तेलाची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावी, मनगटावर थेंब टाकून तापमान पाहावे आणि थेंब सर्वांत शेवटी घालावेत, नाहीतर वास वाटीतच उडून जातो. मिश्रण पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून २४ ते ४८ तास वाट पाहावी. खाज, लाली किंवा जळजळ झाली तर ते तेल त्या माणसासाठी बाद समजावे. हे करायला कोणाला वेळ नसतो, पण ज्याला दमा, इसब किंवा सुगंधाची ॲलर्जी आहे त्याच्या बाबतीत तरी ही चाचणी चुकवू नये. शुद्ध तेल डोळ्यात गेले तर पाण्याने चोळत बसण्याआधी साधे तेल किंवा दूध लावलेल्या कापडाने पुसावे असे सांगितले जाते. माझ्या मते भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुणे आणि दवाखाना गाठणे हेच योग्य. ही तेले पोटात घ्यायची नसतात, पाण्यात दोन थेंब टाकूनही नाही.

दोन वर्षांखालच्या बाळाला सुगंधी तेलाचा एकही थेंब नको. बाळाच्या मालिशसाठी साधे खोबरेल तेल पिढ्यान्‌पिढ्या पुरलेले आहे. घरात मांजर असेल तर तेल लावलेल्या हाताने तिला कुरवाळू नये आणि खोलीत वास भरून ठेवू नये, कारण लिंबूवर्गीय तेले मांजरांना बाधतात.

कोणाला मालिश करू नये

ताप, अंगावर पसरलेला त्वचारोग, उघडी जखम, नुकतेच मोडलेले हाड किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर मालिश टाळावी. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर हात अजिबात लावू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अशा माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे. रक्त पातळ करण्याची औषधे घेणारे, कर्करोगावर उपचार चालू असलेले, गरोदर स्त्रिया आणि मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेले लोक यांच्यासाठी आधी डॉक्टरांची संमती घ्यावी. फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब देऊ नये. कंबरदुखीबरोबर पायात बधिरपणा किंवा लघवी-शौचावर ताबा नसणे अशी तक्रार असेल तर तीही मालिशची गोष्ट नव्हे, तातडीने दवाखान्यात नेण्याची आहे.

पाठीची मालिश

सर्वांगापेक्षा पाठीपासून सुरुवात करावी, कारण आपल्याकडच्या बहुतेक तक्रारी तिथेच असतात. वडगाव-शहापूरचे मागावर बसणारे विणकर, उद्यमबागेत यंत्रावर उभे राहणारे कामगार आणि रोज दुचाकीवरून खेडे-शहर करणारे यांच्या पाठी चोळताना खांद्याच्या पात्याची आतली कड आणि मानेचा बुडखा या दोन जागी हमखास गाठी लागतात.

खाट नको, ती दबते. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर पातळ गादी आणि वर जुनी सुती चादर अंथरावी. पालथे झोपलेल्याच्या घोट्यांखाली उशी द्यावी. पंखा बंद करावा; पावसाळ्यात तेल लावलेले अंग लगेच गारठते. नखे कापलेली, अंगठी आणि बांगड्या काढलेल्या, हात धुऊन कोमट केलेले असावेत. जेवणानंतर तासभर तरी थांबावे. ज्या भागावर काम चालू नाही तो चादरीने झाकलेला राहील असे पाहावे आणि कपडे किती सैल करायचे हे समोरच्याने ठरवावे, आपण नव्हे. परक्या स्त्रीला मालिश स्त्रीनेच करावी, ही आपल्याकडची रीत पाळण्यात शहाणपण आहे. कोठे हात लावणार, किती वेळ लागेल आणि कोणत्याही क्षणी थांबवता येईल, हे आधी मोकळेपणाने सांगावे. सीमाभागात समोरचा माणूस कन्नड बोलणारा असण्याची शक्यता तितकीच असते, तेव्हा ‘नोवु’ म्हणजे दुखणे, ‘मेल्लगे’ म्हणजे हळू आणि ‘साकु’ म्हणजे पुरे, हे तीन शब्द तरी कानावर आले की कळले पाहिजेत.

तेल पाठीवर ओतू नये. आपल्या तळहातावर घेऊन दोन्ही हात एकमेकांवर फिरवावेत. मग कमरेपासून मणक्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात सपाट ठेवून वर खांद्यापर्यंत न्यावेत, खांद्यांवरून वळवावेत आणि बरगड्यांच्या कडेने हलके खाली आणावेत. दाब वर जाताना द्यायचा, खाली येताना हात नुसते टेकलेले राहावेत. अशा पाच-सहा लांब फेऱ्यांत तेल पसरते, अंग गरम होते आणि कोठे घट्ट आहे ते बोटांना कळते. नवशिके या फेऱ्या उरकून टाकतात आणि लगेच अंगठे रुतवतात. त्यामुळे समोरच्याचे अंग आकसते आणि पुढची मेहनत वाया जाते.

यानंतर मळण्याची पाळी. कमरेच्या कडेचा मांसल भाग आणि मान-खांद्यामधला भाग दोन्ही हातांनी आळीपाळीने उचलून, कणीक तिंबतो तसा पिळून सोडावा. चिमटा बसता कामा नये. कातडी नव्हे, तिच्याखालचा स्नायू हातात यायला हवा. मग मणक्यापासून एक बोट अंतर सोडून अंगठ्याने लहान वर्तुळे करत खालून वर जावे. मणक्याच्या हाडावर दाब कधीही द्यायचा नाही. ताकद अंगठ्याची वापरली तर आठवड्याभरात आपलाच अंगठा दुखू लागतो. गुडघ्यांवर उभे राहून कोपरे सरळ ठेवावीत आणि शरीराचा भार पुढे झुकवावा, म्हणजे दाब आपोआप आणि सावकाश उतरतो.

खांद्याच्या पात्याची आतली कड हा सर्वांत वेळ द्यावा असा भाग आहे. झोपलेल्याचा एक हात अलगद वाकवून त्याच्याच कमरेवर ठेवावा. पाते वर उचलले जाते आणि त्याच्या कडेखाली बोटे जायला जागा होते. तिथे गाठीसारखा दुखरा ठिपका लागला की रगडायचे नाही. अंगठा ठेवून दाब हळूहळू वाढवावा, शून्य ते दहामध्ये किती दुखते असे विचारावे आणि पाच-सहाच्या पुढे जाऊ नये. वीस-तीस सेकंद तसेच थांबले की गाठ पुष्कळदा बोटाखाली सैल होताना जाणवते. ‘दुखले तरच मालिश लागली’ ही तालमीतली समजूत पैलवानाच्या अंगाला चालत असेल. कार्यालयात बसणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला तिने दुसऱ्या दिवशी उठवत नाही. ज्याला हात कमरेवर नेतानाच खांदा दुखतो त्याचा हात ओढू नये, बाजूला सरळ ठेवूनच काम करावे.

हलके थापटणे शेवटी, तेही फक्त खांद्यांच्या भरदार भागावर. बरगड्यांच्या खाली, मूत्रपिंडांच्या जागी थापटायचे नाही, मानेच्या पुढच्या बाजूला आणि गुडघ्याच्या मागच्या खोबणीत दाब द्यायचा नाही, आणि कट्‌कन आवाज काढण्यासाठी मान पिरगळायची तर मुळीच नाही. सुरुवातीसारख्याच लांब फेऱ्या, पण अधिक सावकाश, मारून थांबावे. सारे मिळून पंचवीस-तीस मिनिटे पुरतात.

नंतरची कामे

माणसाला लगेच उठवू नये. काही जणांना एकदम उठल्याने भोवळ येते. पाठ कोरड्या पंचाने पुसून थोडा वेळ पडून राहू द्यावे. अर्ध्या तासाने कोमट पाण्याने आंघोळ केली तरी चालते. जमिनीवर तेल सांडलेले असेल तर ते आधी पुसावे, विशेषतः गुळगुळीत फरशी असलेल्या घरांत. तेलाने माखलेले पंचे आणि चादरी गोळा करून टोपलीत कोंबून ठेवू नयेत, कारण तेलकट कपड्यांचा ढीग आतून तापून पेट घेऊ शकतो. त्याच दिवशी गरम पाण्यात धुण्याच्या सोड्याने भिजवून धुवावेत आणि पसरून वाळवावेत. करडईचे तेल वापरत असाल तर हे अधिक काटेकोरपणे पाळावे.

एका वहीत प्रत्येकाच्या नावासमोर तारीख, कोणते तेल किती थेंब, कोठे दुखत होते आणि दुसऱ्या दिवशी काय वाटले, हे लिहून ठेवावे. दोन दिवसांनी कोणी पुरळ आल्याचे सांगितले तर कारण शोधायला ही वहीच उपयोगी पडते.

पद्धतशीर अभ्यंग कसा करतात हे पाहायचे असेल तर शहापूरच्या श्री बी. एम. कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी पंचकर्म विभागात रीतसर विचारणा करावी. पुढे पैसे घेऊन मालिश करायची असेल तर कोणत्यातरी मान्यताप्राप्त संस्थेत प्रत्यक्ष हाताखाली शिकावे, महानगरपालिकेचा किंवा आपल्या गावच्या स्थानिक संस्थेचा व्यवसाय परवाना घ्यावा आणि फलकावर काय लिहायचे याचा आधीच विचार करावा. औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी घालणारा १९५४ चा केंद्रीय कायदा मधुमेह, पक्षाघात, कर्करोग अशा आजारांवर इलाज करतो अशी जाहिरात करू देत नाही. फलकावर मालिशचा प्रकार, वेळ आणि दर एवढेच लिहावे, आणि सीमाभागातल्या नियमांप्रमाणे त्यावर कन्नड अक्षरे ठळक आहेत ना, हेही रंगाऱ्याला सांगायला विसरू नये.